अनवाणी हेलिकॉप्टर

मयूराला भीती वाटली की हसू येतं. गालातल्या गालात नव्हे. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत, सोबतच्या माणसाला लाज आणणारं हसू. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत ती हसली होती. ॲडलेडच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरली तेव्हा इमिग्रेशनच्या माणसासमोर हसली होती. आणि उत्तरेकडच्या रानात एक पिसाळलेला बैल तिच्या हेलिकॉप्टरच्या अंगावर धावून आला, तेव्हा तर इतकी हसली की रेडिओवरच्या मालकाला वाटलं, पोरगी सकाळीच पिऊन बसली आहे.

पण सप्टेंबरातल्या त्या रविवारी दुपारी ती हसत नव्हती. ती रागाने लाल झाली होती, कारण दत्तप्रसादकाका तिला बूट काढायला सांगत होते.

"अगं, आत देवाची फुलं आहेत. बूट घालून कसं चालेल?"

"काका, हे हेलिकॉप्टर आहे. गाभारा नाही."

"आज आहे."

वेरिबी गावाच्या पलीकडे एका शेतातल्या हेलिपॅडवर हा वाद चालला होता. काका डोक्याला भगवा फेटा बांधून, सिल्कचा झब्बा घालून, अनवाणी उभे. पोट झब्ब्याच्या पुढे, मिशा पोटाच्या पुढे. पॉइंट कुक उपनगराच्या मराठी मंडळाचे ते मिरवणूक-प्रमुख. यंदा मंडळाने ठरवलं होतं की बाप्पाच्या मिरवणुकीवर आकाशातून पुष्पवृष्टी करायची. त्यासाठी गुलाबाच्या आणि शेवंतीच्या पाकळ्यांची चार पोती भरली होती. मंडळाच्या अध्यक्ष वासंतीकाकूंनी पाकळ्या कोमेजू नयेत म्हणून त्यांवर सकाळपासून पाणी मारलं होतं, त्यामुळे एकेक पोतं ओल्या वाळूसारखं जड झालं होतं. मागच्या सीटवर बसून पाकळ्या उधळायला जागा हवी म्हणून हेलिकॉप्टरच्या डाव्या बाजूची दोन्ही दारं काढून ठेवली होती. आणि उधळणार कोण, तर स्वतः दत्तप्रसाद. पुण्याचे इंजिनिअर, इथे येऊन आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर झालेले. प्रत्येक गोष्टीचा प्लॅन असलेला माणूस.

या प्लॅनमध्ये मयूरा नव्हती. मंडळाच्या मीटिंगमध्ये तिचं नाव निघालं तेव्हा काकांनी विचारलं होतं, "एखादा गोरा पायलट मिळत नाही का?" म्हणजे बाई नको, आणि आपल्यातली तर नकोच नको. आपल्या लोकांचं हे दुखणं सात समुद्र ओलांडून येतं आणि इथे आल्यावर पर्मनंट रेसिडेन्सी घेतं. मयूरा ॲडलेडला, मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत आयटी शिकायला आली होती. अर्ध्यात कोर्स सोडून ती हेलिकॉप्टर शिकली, आणि पुढची कित्येक वर्षं उत्तरेच्या अफाट रानात हेलिकॉप्टरने गाईबैल वळत राहिली. तिकडे कळप इतके मोठे आणि रानं इतकी लांबरुंद की हे काम असंच करतात. माडाच्या उंचीवरून, झाडांच्या फटींतून, जनावराच्या शेपटीला नाक लावून उडायचं. जे हे काम करतात त्यांना बाकीचे पायलट घाबरून असतात. पॉइंट कुकमध्ये मात्र त्याचं भाषांतर एकाच वाक्यात झालं: "आयटी सोडून गुराखी झाली." हे वाक्य दत्तप्रसादांचं. तिच्या आईबाबांच्या घरी, तिच्या आईच्या हातची कोथिंबीर वडी खाता खाता उच्चारलेलं. आता ती पर्यटकांना समुद्रकिनाऱ्यावरून फिरवायची, पगार चांगला होता, पण गुराखी ते गुराखीच.

"बूट काढ, बाळा," काका म्हणाले. "पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

तिने बूट काढले. मोजेही काढले, कारण काकांनी मोज्यांकडेही पाहिलं. ते सगळं शेताच्या कुंपणापाशी फेकलं आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवून बसली.

"हेडफोन घाला. पट्टा सोडायचा नाही. आणि मी सांगेन तेव्हाच उधळायचं."

"अगं, मी मिरवणूक-प्रमुख आहे."

"खाली. वर मी आहे."

*

हेलिकॉप्टर उचललं. डावीकडे दारच नाही, खाली एकदम मोकळं आकाश. काकांनी दोन्ही हातांनी एक पोतं मिठीत घेतलं आणि डोळे मिटून अथर्वशीर्ष सुरू केलं. हेडफोनमधून ते सगळं मयूराच्या कानात.

"काका, मनात म्हणा. मला रेडिओ ऐकू येत नाहीये."

"मनात म्हटलं तर देवाला ऐकू जाईल का?"

वारा उत्तरेकडून होता, चांगला दणदणीत. समोर पॉइंट कुकची एकसारखी घरं, त्यामागे समुद्र. मैदानावर ढोल लावून माणसं उभी असलेली लांबून दिसत होती, एका सजवलेल्या यूटच्या, म्हणजे पिकअपच्या, मागच्या हौद्यात बाप्पा बसलेला. एवढ्यात डावीकडे, घरांच्या उत्तरेला जिथे गोदामांचा पट्टा सुरू होतो, तिथे काहीतरी फुटलं. आवाज नाही आला. आधी एक नारिंगी गोळा वर आला, मग काळा धूर, आणि मग हेलिकॉप्टरला कुणीतरी खालून लाथ घातल्यासारखा हिसका बसला.

"हे आपल्या कार्यक्रमात आहे का?" काकांनी डोळे उघडून विचारलं.

"नाही, काका."

ते रसायनांचं गोदाम होतं. रंग पातळ करायला, यंत्रं धुवायला जी जहाल द्रव्यं लागतात, त्यांची पिंपं तिथे एकावर एक रचलेली असत. किती ठेवायची याचे नियम होते. मालकाने ते नियम कुठे ठेवले होते ते तोच जाणे. पिंपं उडत होती. खरोखर उडत होती, रॉकेटसारखी, आणि रस्त्यावर, अंगणात, अग्निशमनच्या बंबांसमोर येऊन आदळत होती. बंब लांबच अडकले होते. आणि छपरावर, ईशान्येच्या कोपऱ्यात, तीन माणसं हात हलवत उभी होती.

रविवारी छपरावरची एसीची यंत्रं दुरुस्त करायला आलेले कामगार होते ते. बाहेरच्या बाजूने लोखंडी जिना होता, पण चोर वर चढू नयेत म्हणून मालकाने जिन्याच्या दाराला साखळी-कुलूप लावलं होतं, आणि किल्ली आतल्या ऑफिसात होती. ऑफिस जळत होतं. चोरांपासून गोदाम वाचलं.

मयूराने रेडिओवर सांगितलं. कंट्रोलच्या बाईंचा आवाज शांत होता: रेस्क्यू हेलिकॉप्टर दुसरीकडे गुंतलंय, वीसेक मिनिटं लागतील, तुम्ही लांब राहा.

मयूराने छपराकडे पाहिलं. नैऋत्येकडून पत्रा फुगत होता, पुरीसारखा. वीस मिनिटं त्या छपराकडे नव्हती. दहासुद्धा नव्हती. ती खदखदून हसली.

"आर यू ओके?" कंट्रोलने विचारलं.

"येस," मयूरा हसत हसत म्हणाली. "आय ॲम जस्ट टेरिफाइड. मी दारं नसलेल्या हेलिकॉप्टरमध्ये आहे, वाऱ्याच्या वरच्या बाजूने येऊ शकते, दोन सीट रिकाम्या करू शकते. मी जातेय."

हे ती इंग्लिशमध्ये म्हणाली. मग मराठीत: "काका, पोती टाका."

"कुठे?"

"खाली! वजन कमी करा. माणसं घ्यायची आहेत."

"मयूरा, ही देवाची फुलं आहेत! फॅक्टरीवर कशी टाकू?"

"पोती टाका, नाहीतर तुम्हाला टाकते!"

हा प्लॅन काकांना लगेच पटला. त्यांनी पहिलं पोतं उपडं केलं. पंख्याच्या वाऱ्याने पाकळ्यांचा एक लाल-पिवळा लोळ आत घुसला, बाहेर गेला, परत आत आला. मयूराच्या तोंडात गुलाब. घड्याळांच्या काचांवर शेवंती. खाली बंबांपाशी उभ्या असलेल्या अग्निशमनवाल्यांनी वर पाहिलं. वरून आग पडेल अशी त्यांची तयारी होती, फुलं पडतील अशी नव्हती. दुसरं पोतं, तिसरं पोतं. चौथं काकांनी हळूच पायांमध्ये सरकवलं. बाप्पासाठी थोडं तरी नको का?

*

अशा छोट्या हेलिकॉप्टरला चाकं नसतात, खाली दोन लोखंडी पट्ट्या असतात, स्किड म्हणतात त्यांना. छपरावर उतरायचं नव्हतंच. तापलेला पत्रा वजनाने खाली गेला असता आणि सगळ्यांची एकदमच भट्टी झाली असती. मयूराने तोंड उत्तरेला केलं, वाऱ्यात नाक खुपसलं आणि पूर्वेच्या कडेला बाहेरच्या बाजूने लागली. डावी स्किड छपराच्या काठावर फक्त टेकवलेली, बोट टेकवावं तशी. उजवी हवेत. खाली पिंपं फुटतायत. एक हात इकडे गेला तर पंखा छपराला, एक हात तिकडे गेला तर माणसं खाली. छपरावरच्या एका धुरांड्याच्या टोकाकडे नजर लावून ती हसत होती, आणि तिचे अनवाणी पाय पेडलवर इतके हलके हलत होते की जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावरून पांघरूण सारतायत. बूट असते तर इतकं जाणवलं नसतं, हे तिला तेव्हाही कळलं आणि त्याचा तिला प्रचंड राग आला.

"काका! दोघांना घ्या. एक पुढे, एक मागे. तिसऱ्यासाठी परत येऊ. सांगा त्यांना!"

"सांगतो!"

मग मागे काय झालं ते तिने पाहिलं नाही. धुरांड्यावरून नजर हलवली असती तर संपलं होतं. हेलिकॉप्टर डावीकडे कललं, तिने सावरलं. हलकं झालं, सावरलं. जड झालं, परत जड झालं, पुढच्या सीटवर एक मोठा काळवंडलेला माणूस धपकन येऊन बसला, आणि मग मागून एकदम इतकं जड झालं की वजनाचा इशारा देणारा दिवा डोळे वटारायला लागला. दोन माणसं इतकी जड? कुणीतरी खांद्यावर थापटलं. "गो, गो, गो!"

ती गेली. छपराच्या कडेवरून खाली घसरली आणि वेग घेत उत्तरेला निघाली. जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, ट्रकांच्या मोकळ्या पार्किंगमध्ये अँब्युलन्स उभ्या होत्या. तिथे टेकल्यावर तिने मागे वळून पाहिलं.

मागे दोन माणसं. पुढे एक. तिन्ही कामगार.

"काका कुठेत?"

मागे, काकांच्या जागेवर बसलेला माणूस टोंगा बेटांवरचा होता, सिओने नावाचा, दारात मावणार नाही एवढा रुंद. त्याच्या डोळ्यांतून काळं पाणी वाहत होतं. "द ओल्ड फेला? ही गेव्ह अस हिज सीट, मेट."

"गेव्ह?"

"वी सेड नो! आमच्या बॉसचा पाय मोडलाय, तर आम्ही म्हटलं बॉस आणि हा जाऊ दे, मी थांबतो. तुझा अंकल उतरला, बॉसला आत चढवलं, आणि मला म्हणाला, यू सिट. मी म्हटलं नो, यू सिट. तो म्हणाला नो नो, यू सिट फर्स्ट. मला ढकललंच त्याने! मग मी बसलो, पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून ते पोतं बाहेर टाकलं, आणि तू निघालीस."

मयूराच्या लक्षात आलं. 'तुम्ही बसा, तुम्ही बसा.' लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, कुणाच्याही सोफ्यासमोर आपण जो धिंगाणा घालतो, तो दत्तप्रसाद साठ्यांनी जळत्या छपरावर घातला होता. आणि जिंकले होते. बाकी कुणी असता तर त्याला शौर्य म्हणता आलं असतं. पण मयूराने काकांना ओळखलं होतं. माणसाने विचारच केला नव्हता. सवयीने उतरला, सवयीने आग्रह केला, आणि हेलिकॉप्टर निघून गेल्यावर त्याला कळलं असणार की आपण कुठे उभे आहोत.

अनवाणी.

"गेट आउट!" ती ओरडली. "सगळे उतरा!"

बॉसला उतरवायला अँब्युलन्सवाले धावले. रेडिओवर आता पोलिसांचा आवाज होता आणि तो शांत नव्हता. छप्पर पडतंय, परत जाऊ नका, हा आदेश आहे.

"माझा पॅसेंजर आहे तिकडे," मयूरा म्हणाली, आणि हसत सुटली, कारण आता तिला खरी भीती वाटली होती. मघाशी तीन अनोळखी माणसं होती. आता तिला गुराखी म्हणणारा माणूस होता. क्षणभर, हो, क्षणभर तिच्या मनात आलंही, की लोक म्हणतील आदेश होता, आणि कुणी तिला बोल लावला नसता. उलट मंडळाने शोकसभेत तिच्या प्रयत्नांचा उल्लेख केला असता. वासंतीकाकूंनी शाल दिली असती. या विचाराने ती आणखीनच हसली आणि तिने हेलिकॉप्टर उचललं.

*

धूर आता छपरावर लोळत होता. वारा मध्येच उत्तरेचा, मध्येच स्वतःलाच विसरल्यासारखा गोल फिरत होता. आगीने वाऱ्याचं डोकं फिरवलं होतं. मयूरा दोनदा कडेपाशी आली आणि दोनदा मागे हटली. काही दिसत नव्हतं. मग धुरात एक भगवी रेघ उठली.

काकांनी फेटा सोडला होता आणि ते तो हलवत होते. सात-आठ मीटर कापड धुरातून सळसळत वर आलं होतं, आणि ते कापड ज्या दिशेला ताठ होत होतं तिकडे वारा जात होता. मयूराला विमानतळावरची वारा दाखवणारी पिशवी आठवली. तिला वारा दिसला! काकांनी हे ठरवून केलं नव्हतं. त्यांना फक्त विसरलं जायचं नव्हतं.

ती जवळ आली तसे काका दिसले. ईशान्येच्या कोपऱ्यात, फुलांच्या पोत्यावर दोन्ही पाय ठेवून, अंग चोरून उभे. भोवतीच्या पत्र्यावरचा रंग बुडबुड्यांसारखा फुटत होता. ओल्या पाकळ्यांच्या पोत्यातून वाफ निघत होती, आणि त्या वाफेत काका एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. आयुष्यभर ज्या माणसाने फुलाला पाय लागला तर कान धरले, तो देवाच्या फुलांवर नाचत होता.

मयूरा हसली आणि त्याच वेळी तिच्या लक्षात आलं की फेटा हलतोय तोवर ती जवळ जाऊच शकत नाही. ते कापड मागच्या छोट्या पंख्यात गेलं असतं तर हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं फिरून खाली. "फेटा टाका!" ती ओरडली. पंख्याच्या आवाजात काय ऐकू जाणार? तिने डोक्याकडे बोट केलं, मग हात झटकला. डोकं, फेटा, टाका. डोकं, फेटा, टाका!

काकांनी मान डोलावली. त्यांना समजलं.

आणि ते फेटा बांधायला लागले.

"नाही! अहो, नाही! काका!" मयूराचे डोळे वाहत होते. खाली काहीतरी फुटलं, छपराचा पलीकडचा अर्धा भाग शांतपणे आत बसला, जणू कुणी खुर्चीत बसावं, आणि इकडे मिरवणूक-प्रमुख पीळ घालत होते. एक वेढा, दोन वेढे, आणि आयुष्यभराच्या सवयीने, या सगळ्यात, त्यांनी तुरा काढला. टोक घट्ट खोवलं. फेटा बसला. कापड आता कुठेही उडणार नव्हतं.

"बरं, बांधा तर बांधा," मयूरा स्वतःशीच म्हणाली आणि आत घुसली.

धुरांडं दिसत नव्हतं. नजर लावायला काहीच नव्हतं, मग तिने नजर फेट्यावर लावली. फेटा जिथे, तिथून हातभर उजवीकडे आपण. स्किड पत्र्याला लागली आणि पत्रा मऊ लागला, तापलेल्या मेणासारखा. ती वजन अजिबात टाकत नव्हती. रानात एकदा नदीच्या पुरात अडकलेल्या वासरासाठी ती असंच लटकून राहिली होती. ते वासरू वळून आईकडे पळालं होतं. काकांनी वळून पोत्याकडे पाहिलं.

"सोडा ते!"

काकांनी पोतं उचललं. पायांखालचं पोतं काढलं म्हणजे पाय पत्र्यावर आले, आणि काका एवढ्या जोरात ओरडले की पंख्यावरूनही ऐकू आलं. पोतं आधी आत आलं. मग फेटा, मग पोट, मग बाकीचे दत्तप्रसाद. मयूराने कड सोडली. मागे तो कोपरा, ईशान्येचा, एका लांब कुरकुरीसह आत गेला.

काकांनी चाचपत हेडफोन लावला.

"मयूरा."

"हं."

"ईशान्य दिशा शुभ असते, म्हणून वाचलो."

"काका, मी तुम्हाला खाली टाकू का परत?"

"नको, नको." मग जरा वेळाने, लहान आवाजात: "तू येशील असं मला वाटलं नव्हतं. मी तुझ्याजागी असतो तर आलो नसतो."

"तुम्हाला येताच आलं नसतं. तुम्ही आयटीत ना."

काका हसले. त्यांना इतकं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं. ते खोकत होते आणि हसत होते, मध्येच कण्हत होते, आणि हेलिकॉप्टरमध्ये कुठून कुठून उरलेल्या पाकळ्या त्यांच्या मिशांत येऊन बसत होत्या.

*

ट्रकांच्या पार्किंगमध्ये गंमतच झाली होती. धूर दक्षिणेला पॉइंट कुकवर जाणार म्हणून पोलिसांनी मैदान रिकामं केलं होतं, आणि सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला निघायला सांगितलं होतं. म्हणून अख्खी मिरवणूक गाड्यांत घालून तिथेच आली होती. नऊवारीतल्या बायका, ढोल, झांजा, आणि यूटच्या हौद्यात बाप्पा, गाडीचा पट्टा लावून. सिओने ब्लँकेट पांघरून त्याच्याशेजारी उकडीचा मोदक खात होता.

एका पोलिसाने मयूराला बाजूला घेतलं. चौकशी होणार, आदेश मोडलाय, लायसन्सचं काय ते विमानवाल्यांचं खातं बघेल, वगैरे. चौकशी होणारच होती. जिन्याला कुलूप लावणाऱ्याचीही व्हायची होती, पण त्याचे वकील एव्हाना गाडीत बसले असतील. मयूराचा वकील नव्हता, बूटही नव्हते.

"मॅम, तुम्ही अनवाणी का उडत होतात?" पोलिसाने विचारलं.

स्ट्रेचरवरून दोन्ही पायांना पट्ट्या गुंडाळलेले काका ओरडले, "आय टोल्ड हर! माय मिस्टेक! राइट इट डाउन!"

वासंतीकाकू यूटवर चढल्या होत्या. मयूराने दिलेलं पोतं त्यांच्या हातात होतं. करपलेलं, ओलं, वास मारणारं. "एवढंच उरलं होय," त्या म्हणाल्या. "असू दे. पुष्पवृष्टी तर झालीच पाहिजे."

"वासंती, थांब!" काका उठून बसले. अँब्युलन्सवाल्याने त्यांना झोपवलं, ते परत उठले. मयूराला त्यांचा चेहरा दिसला. छपरावर होता त्यापेक्षा जास्त घाबरलेला. सगळी मंडळी होती, सगळं पॉइंट कुक होतं. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं, मयूरा कधी बोलली नसती. "ती नको वाहूस. मी... मी त्यांच्यावर उभा होतो. पाय ठेवून. नाचत होतो मी त्यांच्यावर."

ढोल थांबले. नऊवाऱ्या थांबल्या. वासंतीकाकूंनी काकांच्या पट्ट्यांकडे पाहिलं, मयूराच्या काळ्या झालेल्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग पोत्यात हात घालून मूठभर पाकळ्या काढल्या आणि नाकाला लावल्या.

"धुराचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "बाकी तर चांगली आहेत की."

आणि उधळल्या. सिओनेने विचारलं, "कॅन आय?" आणि त्याच्या मोठ्या पंजांनी दोन ओंजळी वर फेकल्या, बाप्पावर, काकांवर, पोलिसाच्या वहीवर. ढोल सुरू झाला. पोलीस काही बोलणार होता, पण त्याच्या तोंडात पाकळी गेली. काका स्ट्रेचरवर पडल्या पडल्या टाळ्या वाजवत ओरडत होते, "मोरया! गुराखीणबाईंचा विजय असो!" आणि सगळे हसत होते, मोडक्या पायाचा बॉससुद्धा.

फक्त मयूरा हसत नव्हती. यूटच्या मागच्या फळीवर पाय सोडून ती बसली होती आणि एकामागून एक मोदक खात होती.